बर्फ, बुडबुडे आणि कोमट पाणी

[दृश्य: स्टीलच्या बाटलीत वाफाळतं पाणी भरणारे हात]

ही बाटली आईची. ठाण्याच्या गावदेवी मार्केटमधून घेतलेली, झाकण हरवू नये म्हणून त्याला दोरा बांधलाय, आणि ही बाटली आत्तापर्यंत तीन क्रूझ फिरून आलीय. आई बहात्तर वर्षांची, देवगडची, थंड पाण्याने घसा बसतो हे तिचं ठाम मत, त्यामुळे जगातल्या कुठल्याही जहाजावर चढलो की केबिन बघायच्या आधी आमचं पहिलं काम म्हणजे कोमट पाणी कुठे मिळतं ते शोधणं.

मी खरं तर वेगळाच व्हिडिओ करणार होतो. कुठली क्रूझ लाइन चांगली, कोणाची केबिन मोठी, बुफेत काय काय असतं, कोण किती पैसे लावतं, असा. तसे युट्यूबवर ढिगाने आहेत म्हणा. पण घरी येऊन फुटेज लावत बसलो तर दर दुसऱ्या क्लिपमध्ये आई आणि तिची बाटली, आणि तिच्या समोर कोणीतरी गोंधळलेला वेटर. मग म्हटलं चला, पाण्यावरूनच सांगू.

[दृश्य: सिंगापूर, मरीना बे क्रूझ सेंटर, बाहेर गेंटिंग ड्रीम]

पहिली क्रूझ सिंगापूरहून, गेंटिंग ड्रीम. बांधलंय जर्मनीत, पापेनबुर्गला, २०१६ साली, आणि २०२२ पासून रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसकडे आहे. आपल्याकडचे टूरवाले सिंगापूरला जोडून दोन-तीन रात्री हीच देतात, त्यामुळे वर पाऊल ठेवलं की गुजराती, मराठी, तमिळ सगळं कानावर पडतं. जैन जेवणाची सोय आहे, स्विमिंग पूलपाशी हिंदी गाणी लागतात, आणि एक ग्रुप तर घरून आणलेलं लोणचं टेबलाटेबलावर फिरवत होता, अनोळखी लोकांना सुद्धा.

तर आई बाटली घेऊन बुफेत गेली. मी मागे, कारण इंग्लिशमध्ये मलाच समजवावं लागणार. बघतो तर काय, गरम पाण्याच्या नळापाशी आधीच रांग, आणि रांगेत सगळ्या चिनी आज्या, प्रत्येकीच्या हातात थर्मास. सकाळी उठल्यावर गरम पाणी, जेवल्यावर गरम पाणी, चिनी घरांत हे अगदी आपल्या आयुर्वेदवाल्या घरासारखंच असतं हे मला माहीत नव्हतं. आईने पुढच्या आजीच्या थर्मासकडे बोट दाखवलं, तिने आईच्या दोऱ्याकडे दाखवलं, दोघी हसल्या. भाषा शून्य. पुढचे तीन दिवस त्या आजी आईला लांबून बघितलं की थर्मास वर करून दाखवायच्या.

आता हे पाणी येतं कुठून ते सांगतो, कारण मला पण आधी वाटायचं की बंदरात टँकर लागतो आणि संपलं. थोडं भरतात बंदरात, पण मोठ्या जहाजावर बरंचसं पाणी चालता चालता समुद्रातूनच काढतात. एक तर इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरून समुद्राच्या पाण्याची वाफ करतात आणि ती थंड करून गोळा करतात, नाहीतर मग आरओ, म्हणजे आपल्या ओट्यावरच्या आरओचा थोरला भाऊ. मग त्यात जरा खनिजं, क्लोरीन, आणि ते नळाला. म्हणजे नळाचं पाणी सगळ्या जहाजांवर तसं एकच, खारं होतं ते गोडं केलेलं. टेबलावर येईपर्यंत मात्र प्रत्येक जहाज त्याचं वेगळंच काहीतरी करतं.

[दृश्य: जहाजाची मागची बाजू, नावाखाली शहराचं नाव]

आणि हो, जहाज कुठल्या देशाचं ते झेंड्यावरून ओळखायला जाऊ नका. झेंडा फक्त नोंदणीचा, मागे त्या नोंदणीच्याच बंदराचं नाव लिहिलेलं असतं, नासाऊ असेल तर बहामाज, व्हॅलेटा असेल तर माल्टा, नाहीतर पनामा. मालक मायामीला, झेंडा बहामाजचा, बांधलं फिनलंडमध्ये, कॅप्टन नॉर्वेचा, बेडवर टॉवेलचा हत्ती करून ठेवणारा इंडोनेशियाचा. कर आणि कामगार कायदे जिथे सोपे तिथे नोंदणी, सरळ हिशोब आहे. रॉयल कॅरिबियन आज अमेरिकन वाटते पण १९६८ मध्ये ती काढली नॉर्वेजियन जहाजवाल्यांनी. एमएससी क्रूझेसचं मुख्य ऑफिस तर जिनिव्हाला, स्वित्झर्लंडमध्ये, जिथे समुद्रच नाही! घराणं अर्थात इटालियन.

दुसरी क्रूझ भूमध्य समुद्रातली, जिनोआ, मार्सेय, बार्सिलोना वगैरे. आमचं जहाज इटालियन वळणाचं होतं. जिनोआ बंदरात पिवळ्या धुराड्यावर निळा मोठा सी दिसतो तो कोस्टा या क्रूझ कंपनीचा, या मंडळींचा धंदा १८५४ चा, तेव्हा ऑलिव्ह तेल आणि कापड, उतारू नेणं सुरू झालं ते थेट १९४८ मध्ये, जिनोआहून अर्जेंटिनाला. म्हणजे तेलाचे व्यापारी. त्यामुळे असेल किंवा नसेल, पण तिकडच्या जहाजावर जेवण हा कार्यक्रमच असतो.

पहिल्या रात्री टेबल मिळालं साडेनऊला. साडेनऊ! आईची तोपर्यंत एक झोप झालेली असते. हॉलमध्ये गेलो तर तान्ही पोरं सुद्धा जागी, कडेवर, आजोबा सूट घालून, आणि गलका इतका की लग्नाच्या पंगतीत आल्यासारखं वाटलं. लिफ्टची रांग ही कल्पनाच नाही, दार उघडलं की दादरला फास्ट लोकल आल्यासारखं, मला तर एकदम घरी आल्यासारखं वाटलं पण आमच्या टेबलावरचं जर्मन जोडपं रोज जिन्याने यायचं. घोषणा पाच भाषांमध्ये, इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, इंग्लिश, त्यामुळे इंग्लिश येईपर्यंत आपण मूळ प्रश्न काय होता ते विसरतो. आणि अजून एक गंमत म्हणजे या मार्गावर प्रत्येक बंदरात नवीन लोक चढतात. तुमचा चौथा दिवस तो कोणाचा तरी पहिला. म्हणून बंदर सोडायच्या आधी लाइफ जॅकेटचं ड्रिल सारखं कुठल्या ना कुठल्या गटासाठी चालूच. आणि हे ड्रिल हल्ली कोणी हसण्यावारी नेत नाही, जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या जिल्यो बेटापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया आडवी झाली, ३२ माणसं गेली, आणि त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो लोकांचं ड्रिल तेव्हा झालंच नव्हतं. त्यानंतर जहाज निघायच्या आधी किंवा निघाल्याबरोबर लगेच ड्रिल हा नियम झाला.

तर पाणी. वेटर आला आणि विचारतो, नातुराले की फ्रिझांते? साधं की बुडबुड्यांचं? आईला वाटलं हा पदार्थ आहे, म्हणाली दोन्ही थोडं थोडं आण. बाटली आली, आईने घोट घेतला आणि चेहरा असा केला, थांबा, आहे माझ्याकडे क्लिप.

[दृश्य: आईचा चेहरा, चार सेकंद, आवाज नाही]

सोडा! नुसता सोडा, ना लिंबू ना मीठ. आणि बाटलीचे पैसे लागतात. इटलीत हॉटेलात पाणी विकतच घेतात, तेच जहाजावर आलंय, त्यांना त्यात काही वाटत नाही. आपल्याला वाटतं. पाणी फुकट पाजणं हे आपल्याकडे पुण्यकर्म, पाणपोयी घालणारी माणसं आपण.

आईचं कोमट पाणी शेवटी कसं मिळालं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी टेबलावर वेगळा वेटर आला. आई मला मालवणीत म्हणाली, "ह्येका सांग रे, जरा कोमट हाड म्हणान." तो पोरगा जागच्या जागी थांबला. म्हणाला, "मावशे, हांव हाडटां." आई म्हणाली, "खंयचो रे तू?" तर कुंकळ्ळीचा, दक्षिण गोव्याचा! झालं, मग आमचं टेबल हे आमचं राहिलंच नाही.

गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात, जहाजावर जाणारा. सासष्टीत घराघरात एक तरी सापडेल, आजा ब्रिटिशांच्या बोटीवर खानसामा, बाप मालवाहू जहाजावर, मुलगा क्रूझवर. या पोराची सात-आठ महिन्यांची कॉन्ट्रॅक्ट्स, मध्ये दोन महिने घरी, आणि कॉन्ट्रॅक्ट चालू असताना रविवार वगैरे काही प्रकार नसतो. आंतरराष्ट्रीय नियम काय सांगतो तर २४ तासांत निदान १० तास विश्रांती आणि आठवड्याला ७७. उलटं मोजा मग कळेल काम किती. त्याच्या आधीची तीन कॉन्ट्रॅक्ट्स अमेरिकन जहाजावर झालेली, आणि त्याने जे सांगितलं ते मला कुठल्याच रिव्ह्यूमध्ये मिळालं नव्हतं. म्हणे अमेरिकन माणसाला वेटर दोस्त हवा असतो, पहिल्या रात्री तुझं नाव काय, मुलं किती, आणि पाण्याचा ग्लास अर्धा झाला की भरायचा नाहीतर मागून सुपरवायझर बघतो. इटालियन माणसाला वेटरचं नाव नको, त्याला पास्ता मऊ झालेला चालत नाही. आणि जेवणानंतर कोणी कॅपुचिनो मागितला की तो सांगायचा, "हांव हाडटां, पूण त्या टेबलाकडे बघू नका." कारण दुधाची कॉफी ही सकाळची गोष्ट, रात्री भरल्या पोटी मागणारा म्हणजे एकदम अडाणी.

[दृश्य: अलास्का, धुकं, डोंगर, डेकवर ब्लँकेट पांघरलेली माणसं]

तिसरी क्रूझ अलास्काची. सिएटलला माझा मेव्हणा असतो, त्याच्या कृपेने. जहाज अमेरिकन कंपनीचं. इथे सगळं उलटं. जेवायची पहिली वेळ संध्याकाळी साडेपाच, आणि आई खुश, म्हणाली आपल्या बिल्डिंगमधले शहा पण सूर्यास्ताच्या आत जेवतात, शहाणी माणसं. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस सुद्धा विचारतो कुठून आलात, कसा चाललाय दिवस, आणि रांग म्हणजे दोन माणसं असली तरी रांग, मध्ये हातभर अंतर. आम्ही त्या अंतरात दोनदा चुकून घुसलो. कोणी काही बोललं नाही, नुसतं हसले, आणि ते हसू कसलं होतं ते मला केबिनमध्ये गेल्यावर कळलं.

पाणी फुकट, मागायच्या आधी, पण ग्लासात पाणी कमी नि बर्फ जास्त. बाहेर हिमनदी, आत ग्लासात हिमनदी. आईने "नो आइस" शिकून घेतलं, तर बर्फ काढून तेच गार पाणी आलं. गरम पाणी म्हटलं की टी-बॅग घेऊनच येतात, नुसतं गरम पाणी कोणी पितं यावर त्यांचा विश्वासच बसत नाही.

फुकट म्हणजे पण तसं फुकट नाही हां. शेवटच्या रात्री बिल आलं तर त्यात माणशी रोजची टिप आधीच लावलेली, आणि आम्ही आठवडाभर वर वेगळी देत बसलेलो, लाजेखातर. काउंटरला गेलो तर म्हणे बुकिंगच्या कागदात लिहिलंय. लिहिलं होतं, पान अकरा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण बऱ्याच अमेरिकन कंपन्यांत हाच रिवाज आहे. ब्रिटनच्या पीअँडओ क्रूझेसने ही रोजची टिप २०१९ पासून बंदच केली, तिकिटातच धरली. जपानच्या आसुका टू वर तर टिपच नाही, आणि तिकडे वरच्या डेकला गरम पाण्याचं मोठं सामायिक स्नानगृह, आधी अंग घासून स्वच्छ करायचं मग आत बसायचं. जर्मन जहाजांवर जेवताना बीअर तिकिटात, सॉनात कपडे घालून गेलात तर तुम्हीच विचित्र. हे दोन्ही मी ऐकलेलं सांगतोय, अजून गेलो नाही, आणि आई येणार नाही हे नक्की.

अलास्काच्या क्रूझमधली एक गोष्ट सांगायची राहिली. शेवटच्या संध्याकाळी जहाज कॅनडात व्हिक्टोरियाला थांबलं, अंधार पडता पडता, जेमतेम काही तास. काय बघणार एवढ्यात? कारण निघालं १८८६ चा एक अमेरिकन कायदा, परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्याच बंदरातून अमेरिकेच्याच बंदरात उतारू न्यायचे नाहीत, मध्ये परदेश लागलाच पाहिजे. आपण बागेत फुलं बघतोय असं समजायचं, खरं तर आपण शिक्का मारायला आलेलो असतो.

[दृश्य: नॉर्वे, छोटा धक्का, फोर्कलिफ्ट, बर्फ]

नॉर्वेला आम्ही दोघंच गेलो, आई आणि बाटली घरी. हुर्टिग्रुटेन. याला क्रूझ म्हणावं की एसटी हा प्रश्नच आहे. १८९३ मध्ये रिचर्ड विथ नावाच्या कॅप्टनने टपाल आणि माल न्यायला सुरू केलेली ही लाइन, आता बर्गेन ते किर्केनेस, ३४ बंदरं, जाऊन येऊन १२ दिवस. कॅसिनो नाही, नाचगाणी नाहीत. रात्री दोनला एखाद्या गावी लागते, चार खोकी उतरतात, एक बाई किराण्याची पिशवी घेऊन चढते आणि पुढच्या गावी उतरून जाते. कोणी कोणाशी बोलत नाही, आणि त्यात तुसडेपणा काही नाही, मोकळी खुर्ची असताना तुमच्या शेजारी न बसणं हाच तिथला मान. कॉफीसाठी एक मग विकत मिळतो, तो घेतला की पुन्हा पुन्हा भरून घ्यायचा, आणि जुने प्रवासी आपला मग घेऊन फिरतात, आईच्या बाटलीसारखा.

तो रात्रीचा धक्का मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "अगदी आमच्या बोटीसारखा रे." भाऊच्या धक्क्यावरून सुटायची ती कोकण बोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पुढे पणजी. बोट लांब उभी राहायची, मग पडावात उड्या, आंब्याच्या पेट्या, ट्रंका, कोंबड्या, आणि डेकवर ज्याला त्याला बोट लागलेली. पावसाळ्यात बंद. मी विचारलं पाणी काय प्यायचात? म्हणाली, "घरातून तांब्या न्यायचो."

[दृश्य: भूमध्य समुद्र, पहाट, डेक धुणारे कामगार]

कुंकळ्ळीच्या त्या पोराला उतरायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, तू स्वतः काय खातो-पितोस? म्हणाला खाली क्रूच्या मेसमध्ये पास्ता असो, बर्गर असो, तीन वेळा भात असतोच, भात नसेल तर फिलिपिनो आणि इंडोनेशियन पोरं जहाज चालूच देणार नाहीत. पाणी नळाचं, आपापल्या बाटलीत. आई म्हणाली आणि घरी गेल्यावर? तर म्हणे पहिल्या दिवशी अकरा वाजता पेज. सोबत खारातली कैरी. माझी आई आठ महिने आधी घालून ठेवते, मी निघतो त्याच आठवड्यात.

आईने विचारलं, "पेज गरम की निवलेली?"

"निवलेली, मावशे. गरम पाणी फक्त तुका."