भर उन्हात गेलेली वीज

श्रोतेहो, नमस्कार. छतावर सौर पॅनेल बसवली की वीज गेल्यावरही घर चालू राहतं, अशी पुष्कळांची पक्की समजूत असते. तसं होत नाही. पुन्हा सांगतो : बॅटरी नसलेली, ग्रिडला म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला जोडलेली साधी सौर यंत्रणा ग्रिड गेलं की स्वतःही बंद होते. ऊन कितीही कडक असो. हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात. मग मी त्यांना तात्यांचा किस्सा ऐकवतो.

तात्यांनी पॅनेल बसवली आणि त्यांच्याकडे येणाऱ्यांची धडगत राहिली नाही. पाहुण्याने बूड टेकायच्या आत त्याला गच्चीवर नेलंच म्हणून समजा. तिथे तात्या खिशातला रुमाल काढून पॅनेलची काच पुसणार आणि व्याख्यान सुरू. ''1954 साली बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सेल दाखवला. तेव्हा पडलेल्या उन्हातली किती वीज व्हायची? जेमतेम सहा टक्के! आणि आज? वीसच्या पुढे!'' असं म्हणून चौकटीवर दोन टिचक्या मारणार. काकूंना हे व्याख्यान स्वल्पविरामांसकट पाठ झालं होतं.

एकदा भर दुपारी घर पाहुण्यांनी भरलेलं, व्याख्यान संपवून मंडळी नुकतीच खाली आलेली, आणि वीज गेली. सगळे चुळबुळायला लागले. तात्या मात्र खुशीत. म्हणाले, ''थांबा, आता गंमत बघा.'' सगळ्यांनी माना वर करून पंख्याकडे बघितलं. पंखा हळू झाला, आणखी हळू झाला आणि थांबला. शेजारच्या घरी साधा जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी, छतावर पॅनेल वगैरे काही नाही. त्यांचा टीव्ही मात्र खणखणीत ऐकू येत होता. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, ''अहो, निदान ती सहा टक्के तरी येऊ द्या!''

तात्या त्यांच्या सौर इन्व्हर्टरपाशी, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या डब्यापाशी धावले. लाल दिवा लागलेला आणि पडद्यावर 'ग्रिड नाही'. बटण दाबून बघितलं, पुन्हा दाबून बघितलं. मग बसवणाऱ्या मुलाला फोन लावला आणि त्याला चांगलाच फैलावर घेतला. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, ''तात्या, ते बिघडलेलं नाही. ते नीट चाललंय, म्हणूनच बंद आहे.''

मुलगा बोलला ते खरं होतं. वीज जाते तेव्हा बाहेर कुणीतरी खांबावर चढून तारेला हात घालत असतो. लाइन मेली आहे असं तो धरून चालतो. अशा वेळी आपल्या घरची वीज उलटी बाहेर गेली, तर वाटेतला ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो आणि आपले घरगुती व्होल्ट त्या माणसाच्या हातापाशी हजारो व्होल्ट होऊन पोचू शकतात. म्हणून ग्रिड गेल्याचं कळताच इन्व्हर्टरने साधारण दोन सेकंदांच्या आत स्वतःला बंद करायचं असतं.

तात्या म्हणाले, ''उद्याच बॅटरी आण.'' नुसती बॅटरी आणून भागत नाही, हे मुलाने घरी येऊन सांगितलं. एकतर इन्व्हर्टर बदलून हायब्रिड, म्हणजे पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा घ्यायचा, नाहीतर बॅटरीसाठी वेगळा इन्व्हर्टर जोडायचा. तो आधी घराला ग्रिडपासून तोडतो आणि मगच घराला वीज देतो. आधी तोडतो, मग देतो. सगळी मेख त्यातच आहे. ग्रिड नसताना दिवसा पॅनेलही चालू राहतात आणि बॅटरी भरत राहतात.

मुलाने विचारलं, ''बॅटरीवर काय काय चालवायचं?'' तात्या म्हणाले, ''सगळं.'' ''गीझरसुद्धा?'' ''सगळं म्हणजे सगळं!'' मुलाने कागद पुढे ओढून हिशेब मांडला. पाच युनिटची बॅटरी, म्हणजे हजार वॅट पाच तास. दिवे, पंखे, फ्रीज, राउटर मिळून सरासरी पाचशे वॅट. कागदावर दहा तास होतात, पण बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, तेव्हा आठ धरा. एकटा गीझर दोन हजार वॅटचा. तो लावला की दोन तासांत खेळ खलास. काकूंनी पेन्सिल उचलली आणि गीझरवर काट मारली. तात्या काहीतरी बोलणार होते, पण काकूंनी पेन्सिल खाली ठेवली नव्हती.

बॅटरीवरच्या वस्तूंची लाइन वेगळी काढायला घेतली, तेव्हा कुठला एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, कुठल्या खोलीचा हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. हे मात्र घरोघरी. एवढा खर्च करून घर सजवतात, पण एमसीबीच्या डब्यात चार चिठ्ठ्या चिकटवायला कुणाला वेळ नसतो. मी तर म्हणेन, मुलांना प्रमेयं शिकवण्याआधी ट्रिप झालेला एमसीबी कसा वर करायचा ते शिकवा. आणि पॅनेल किती वीज देतायत ते दाखवणारं ते मोबाइलवरचं अ‍ॅप! ढग आला की लोक आकाशाकडे न बघता फोनमध्ये बघतात. असो.

बॅटरीच्या जातीबद्दल थोडक्यात. लेड-अ‍ॅसिड स्वस्त पडते, पण निम्म्याखाली वरचेवर उतरवली तर लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग, पण ऐंशी टक्क्यांपर्यंत रोज वापरली तरी वर्षानुवर्षं चालते. आणि पंप किंवा फ्रीज सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, तो इन्व्हर्टरला झेपेल का, हे बॅटरी घ्यायच्या आधी विचारा.

तर यंत्रणा बसवून झाली की शेवटचा हप्ता द्यायच्या आधी बसवणाऱ्यासमोर मेन स्विच बंद करा आणि घरात काय चालू राहतं ते बघा. एकदा भर उन्हात आणि एकदा अंधार पडल्यावर. पुन्हा सांगतो, हप्ता द्यायच्या आधी. नमस्कार.