म्हातारी विहीर आणि पंपावरचा आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

तेलाबद्दल आपण बोलतो ते पंपावरच्या आकड्याबद्दल. आकडा वाढला की चिडतो, दोन रुपयांनी उतरला की विसरतो. आज त्या आकड्याकडे पाठ करून थोडं समुद्रात जाऊया. मुंबईच्या पश्चिमेला साधारण 160 किलोमीटर, जिथे समुद्र जेमतेम 75 मीटर खोल आहे. हेच मुंबई हाय. 1974 मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खणणाऱ्या रिगवरून इथे तेल सापडलं आणि 21 मे 1976 पासून ते निघू लागलं. 1989 च्या सुमारास इथून दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या आसपास तेल येत होतं. 2025 पर्यंत ते सव्वा-दीड लाखांच्या घरात आलं होतं.

विहीर म्हातारी होते म्हणजे नेमकं काय होतं, हे कळल्याशिवाय तेलउद्योगाचं अर्थकारण कळत नाही, म्हणून थोडं खोलात जातो. मुंबई हायचं तेल चुनखडीच्या थरांत आहे. दगडातल्या बारीक छिद्रांत ते दाबाखाली अडकलेलं असतं. सुरुवातीला हा दाबच तेल वर ढकलतो, काहीच करावं लागत नाही. तेल काढत गेलं की दाब उतरतो. तो फार उतरला की तेलात विरघळलेला गॅस दगडातच सुटा होतो. गॅस पातळ, म्हणून तो आधी पळतो आणि जड झालेलं तेल मागे राहतं. एकदा असं झालं की ते तेल परत मिळवणं महाकठीण. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई हायमधून जोरात उपसा झाला आणि नव्वदीच्या सुरुवातीला उत्पादन घसरलं, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

यावर उपाय म्हणजे समुद्राचंच पाणी खाली सोडून दाब टिकवायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण पाणी तसंच्या तसं सोडता येत नाही. आधी ते गाळायचं, नाहीतर दगडाची छिद्रं बुजतात. मग त्यातला प्राणवायू काढायचा, नाहीतर पोलादी नळ्या गंजतात. मग जंतुनाशक घालायचं, कारण सल्फेटवर जगणारे जिवाणू खाली वाढले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू विषारी, शिवाय पोलादाला तडे पाडणारा. एवढं करूनही पाणी सगळीकडे सारखं पसरत नाही. चुनखडीतले काही थर सच्छिद्र, काही घट्ट. पाणी मोकळ्या थरातून वाट काढत थेट उत्पादन विहिरीत येतं आणि घट्ट थरातलं तेल तिथेच राहतं. ते काढायचं तर जुन्या विहिरीच्या कुशीतून तिरकी नवी वाट पाडावी लागते, किंवा दोन विहिरींच्या मध्ये तिसरी खणावी लागते.

म्हातारी विहीर दहा पिंपं द्रव देत असेल तर त्यातली सात-आठ पिंपं पाणी असू शकतं. ते पाणीही वर उचलावं लागतं, वेगळं करावं लागतं, स्वच्छ करून सोडावं लागतं. उचलण्यासाठी विहिरीत दाबाचा गॅस सोडून द्रव हलका करतात, त्याला गॅस लिफ्ट म्हणतात. कॉम्प्रेसर बंद पडला की त्याच्यावरच्या सगळ्या विहिरी एकदम थांबतात.

आता हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेऊ. समजा, एका प्लॅटफॉर्मचा रोजचा खर्च 60 हजार डॉलर आहे. हेलिकॉप्टर, माणसं, टर्बाइन, गंजाची तपासणी हे सगळं त्यात आलं. रोज 4,000 पिंपं निघत होती तेव्हा पिंपामागे खर्च 15 डॉलर. उत्पादन 1,000 पिंपांवर आलं तरी हेलिकॉप्टर तेवढंच उडतं आणि गंज तेवढाच लागतो. खर्च पिंपामागे 60 डॉलर झाला. बाजारात भाव 70 डॉलर असेल तर अजून 10 डॉलर सुटतात, असं वाटेल. सुटत नाहीत. मुंबई हायसारख्या जुन्या, सरकारने थेट नेमून दिलेल्या क्षेत्रांत तेलाच्या किमतीवर 20 टक्के उपकर आहे आणि उथळ समुद्रासाठी सुमारे 10 टक्के स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी. म्हणजे 70 तले 21 डॉलर आधीच गेले, हातात राहिले 49. विहीर 11 डॉलर तोट्यात.

हा कर नफ्यावर नाही, विक्रीवर आहे. तरुण विहिरीला तो जाणवत नाही, म्हाताऱ्या विहिरीला तो मारतो. जमिनीखाली तेल असतं, बाजारात गिऱ्हाईक असतं, तरी विहीर बंद करणंच कंपनीच्या हिशेबात बसतं. मार्च 2016 पूर्वी हा उपकर टनामागे सरसकट 4,500 रुपये होता. त्या जानेवारीत तेल 30 डॉलरच्याही खाली गेलं होतं, तेव्हा हे ओझं किती झालं असेल! किमतीच्या टक्केवारीवर आणून सरकारने ते थोडं हलकं केलं, पण विहिरीच्या वयाचा विचार त्या टक्केवारीतही नाही.

दुसरी गळती जीएसटीची. कच्चं तेल, नैसर्गिक वायू, पेट्रोल, डिझेल आणि विमानाचं इंधन ही पाच उत्पादनं 2017 पासून जीएसटीबाहेर आहेत. रिग भाड्याने घ्या, सिमेंट घ्या, सर्वेक्षण करून घ्या, त्यावर जीएसटी भरावा लागतो. पण विकायचा माल जीएसटीत नाही, म्हणून भरलेला कर वळता होत नाही, तो थेट खर्चात जातो. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले, बिस्किटं आणि साबण स्वस्त झाल्याची चर्चा झाली. त्याच फेरबदलात तेल शोधण्याच्या आणि काढण्याच्या सेवांवरचा कर 12 वरून 18 टक्के झाला. त्याची बातमी कुणी वाचलीही नसेल.

आणि राज्यं ही पाच उत्पादनं जीएसटीत यायला तयार का होत नाहीत, तेही समजण्यासारखं आहे. महाराष्ट्र पेट्रोलवर 25 टक्के व्हॅट अधिक लिटरमागे 5 रुपये 12 पैसे घेतो, डिझेलवर 21 टक्के. राज्याच्या हातात स्वतः ठरवता येतील असे कर आता मोजकेच उरलेत. केंद्र पेट्रोलवर जे उत्पादन शुल्क घेतं त्याचा मोठा भाग उपकर आणि अधिभाराच्या रूपात असतो, त्यात राज्यांना वाटा नाही. वाटणीत येतं ते मूळ शुल्क, आणि 2021 पासून ते पेट्रोलवर लिटरला अवघं 1 रुपया 40 पैसे होतं. अशा स्थितीत कोणता अर्थमंत्री व्हॅट सोडेल?

आता पंपाकडे परत येऊ. एका पिंपात 159 लिटर. डॉलर 85 रुपयांचा धरला तर पिंपामागे 1 डॉलर वाढला की लिटरमागे सुमारे 53 पैसे वाढले पाहिजेत. हा त्रैराशिकाचा साधा नियम. पेट्रोलचे भाव जून 2010 मध्ये मोकळे झाले, डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये, आणि जून 2017 पासून ते रोज बदलू लागले. कागदावर ते मोकळेच राहिले. प्रत्यक्षात एप्रिल 2022 पासून सरकारी कंपन्यांनी त्यांना हात लावणं थांबवलं. त्यानंतर पंपावर बदल दिसला तो उत्पादन शुल्क आणि व्हॅट यांतल्या कपातीमुळे, आणि मार्च 2024 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, दोन रुपयांच्या कपातीमुळे. भाव गोठलेले असताना 2022 च्या एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिघांना मिळून 21 हजार कोटींहून अधिक तोटा झाला. पुढे कच्चं तेल उतरलं, पंपावरचा भाव तसाच राहिला आणि 2023-24 मध्ये याच तिघांचा नफा 81 हजार कोटींच्या आसपास गेला. ग्राहकाला दोन्ही वर्षं सारखीच वाटली. पण गुंतवणूक ठरवणाऱ्याने यातलं कुठलं वर्ष खरं धरायचं?

गोठवलेल्या भावाचा भार पूर्वी विहिरीपर्यंत जात असे. 2014 पर्यंत डिझेल, रॉकेल आणि घरगुती गॅस खर्चापेक्षा कमी भावात विकले जात. त्या तुटीचा वाटा मुंबई हाय चालवणाऱ्या ओएनजीसीसारख्या तेल काढणाऱ्या सरकारी कंपन्यांना उचलावा लागे. 2013-14 मध्ये बाजारात ओएनजीसीच्या तेलाला पिंपामागे सुमारे 106 डॉलर भाव होता, हाती पडले सुमारे 41. त्या एका वर्षात तिने 56 हजार कोटींहून अधिक सोडून दिले. म्हणजे तेलाला चढा भाव होता तेव्हा जुन्या क्षेत्रांच्या दुरुस्तीचा पैसा स्वयंपाकघरांत आणि ट्रकच्या टाक्यांत गेला. गरिबाच्या चुलीला मदत करू नये असं मी म्हणत नाही. ती अर्थसंकल्पातून करावी, विहिरीतून नव्हे.

डिझेल मोकळं झाल्यावर हा भार उतरला, पण नवे आले. जानेवारी 2018 मध्ये ओएनजीसीने सरकारकडून हिंदुस्तान पेट्रोलियमचे 51.11 टक्के भाग 36,915 कोटींना घेतले. सरकारचं निर्गुंतवणुकीचं उद्दिष्ट साधलं. देशात त्याने तेलाचं एक पिंपही वाढलं नाही, कंपनीवर कर्ज मात्र चढलं. जुलै 2022 मध्ये देशी तेलावर टनामागे 23,250 रुपये वाढीव कर लागला, म्हणजे पिंपाला साधारण 40 डॉलर. त्यानंतर तो बदलत राहिला, दर पंधरा दिवसांनी नवा आकडा, आणि डिसेंबर 2024 मध्ये रद्द झाला. समुद्रातल्या प्रकल्पाचा हिशेब पंधरा-वीस वर्षांचा असतो. त्याला पंधरा दिवसांचा कर कसा लावायचा?

घरगुती गॅसचं दुखणं वेगळं आहे, ते थोडक्यात. देशाला लागणारा सुमारे 60 टक्के एलपीजी बाहेरून येतो आणि त्याची किंमत सौदी अरेबिया दर महिन्याला जाहीर करतं त्या दराला बांधलेली आहे. सिलिंडरचा भाव त्या गतीने वाढवता येत नाही. तूट साठत जाते आणि सरकार नंतर भरून देतं: 2022 मध्ये 22 हजार कोटी, 2025 मध्ये 30 हजार कोटी मंजूर, तेही हप्त्यांत. मधल्या काळातलं व्याज कंपनीचं.

कोकणातल्या श्रोत्यांच्या मनात इथे नाणार आणि बारसू आले असतील. शुद्धीकरण प्रकल्पाच्या वादात मी शिरत नाही, एवढंच सांगतो की 2025 मध्ये देशाची शुद्धीकरणाची क्षमता वर्षाला 25 कोटी टनांच्या वर होती, आणि देशातल्या खपापेक्षा ती जास्तच होती. आपल्याकडे कमतरता रिफायनरीची नाही, कच्च्या तेलाची आहे. 2011-12 मध्ये देशात 3 कोटी 80 लाख टन कच्चं तेल निघालं, 2023-24 मध्ये 2 कोटी 90 लाखांच्या आसपास. मधल्या 90 लाख टनांची 6 कोटी 60 लाख पिंपं होतात. 70 डॉलरच्या भावाने आणि 85 रुपयांच्या डॉलरने ते वर्षाला सुमारे 39 हजार कोटी रुपये झाले. म्हणजे हिंदुस्तान पेट्रोलियमच्या त्या भागांसाठी मोजलेल्या रकमेहून थोडे जास्तच, आणि हे दर वर्षी.

घसरण थांबवता येते का? पूर्णपणे नाही. जुन्या क्षेत्राचं उत्पादन काही न करता बसलं तर वर्षाला ढोबळमानाने 7-8 टक्क्यांनी उतरतं. नुसतं आहे तिथे टिकून राहायला नव्या विहिरी खणत राहाव्या लागतात. जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी ब्रिटिश पेट्रोलियम, म्हणजे आजची बीपी, हिला तांत्रिक भागीदार नेमलं. क्षेत्राची मालकी ओएनजीसीचीच. बीपीला आधी दोन वर्षं ठरीव शुल्क आणि पुढे वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नात वाटा. दहा वर्षांत तेल-वायू मिळून 60 टक्क्यांपर्यंत वाढ करण्याचं उद्दिष्ट आहे. मला करार शहाणपणाचा वाटतो, कारण बीपीचा फायदा जास्तीच्या पिंपावर आहे. पण तंत्रज्ञ कितीही हुशार असला तरी विहीर खणायला पैसा ओएनजीसीलाच घालायचा आहे.

आणि तो वेळेवर घालायचा आहे. अरबी समुद्रात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाळ्याच्या लाटांत पाइपलाइन टाकणं किंवा प्लॅटफॉर्मचा सांगाडा बसवणं जमत नाही. काम होतं ऑक्टोबर ते मे. बार्ज, म्हणजे हे काम करणारं सपाट जहाज, ऑक्टोबरात हवा असेल तर पाइप, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरच्या ऑर्डरी कित्येक महिने आधी गेलेल्या असाव्या लागतात. मंजुरी दोन महिने लांबली की काम दोन महिने लांबत नाही, पुढच्या हंगामावर जातं. त्या एका वर्षात विहिरीचा दाब आणखी उतरलेला असतो.

नमस्कार.