माळावरची मोजणी

[दृश्य : मोरगावहून सुप्याकडे जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना फुलोऱ्यावर आलेले गवत.]

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर, वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून शंभर ते पावणेदोनशे किलोमीटर पूर्वेला सुपे, बारामती, इंदापूरच्या माळांवर येईपर्यंत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास उतरतो. या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात उथळ मुरमाड जमिनीवर गवत वाढले, त्यात मधूनमधून हिवर, बाभूळ आणि बोर उभी राहिली, आणि या गवताच्या आधाराने चिंकारा, लांडगा, खोकड, तरस आणि धाविक, चंडोल हे पक्षी यांचे जगणे चालत आले. सरकारी दप्तरात मात्र अशा जमिनीची गणना दीर्घकाळ पडीक म्हणूनच होत आली आणि पडीक जमीन सुधारायची म्हणजे तिच्यावर झाडे लावायची, एवढाच अर्थ त्यातून घेतला गेला. त्या हिशेबाने माळांवर समतल चर खणले गेले, गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या) रांगा लागल्या, आणि ज्या गवतावर चिंकारा जगतो तेच गवत सुधारणेच्या नावाखाली उखडले गेले.

ही समजूत आता हळूहळू बदलते आहे आणि माळाला माळ म्हणूनच पूर्ववत करण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. परंतु कोणत्या तुकड्यावर आज काय उगवते, पूर्वी काय उगवत असावे आणि त्यातले कोणत्या प्राण्याच्या उपयोगाचे किती, हे कळल्याखेरीज असे काम हाती घेता येत नाही. ही माहिती जमिनीवर बसून, गवताची काडी न् काडी पाहून गोळा करावी लागते, आणि ती गोळा करणारी माणसे बहुतेक वेळा केवळ एका हंगामापुरती नेमलेली असतात.

हंगाम का, याचे उत्तर गवताच्या स्वभावात आहे. गवताची जात खात्रीने ओळखायची ती त्याच्या फुलोऱ्यावरून. जुलैमध्ये सगळा माळ सारखाच हिरवा असतो आणि नुसत्या पात्यांवरून जाणकारालाही फार तर अंदाज बांधता येतो. गणपतीच्या सुमारास फुलोरे दिसू लागतात, दसऱ्यापर्यंत बहुतेक जाती ओळखू येतात, आणि दिवाळी उलटली की दाणे झडतात, गवत वाळते, कापले जाते किंवा चरले जाते. वर्षभराच्या निर्णयांना पुरेल एवढी माहिती या दीड-दोन महिन्यांतच हाती यावी लागते.

[दृश्य : माळावर ताणलेली टेप. दोघेजण, एक वाकून पाहतो आहे, दुसरी वहीत लिहिते आहे.]

पुण्यात या कामासाठी मुले-मुली मिळतात, कारण येथे ती घडतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील जैवविविधतेचा अभ्यासक्रम आणि भारती विद्यापीठाची पर्यावरण संस्था येथून पदव्युत्तर शिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी काहीजण या वाटेला येतात. साधारण उन्हाळ्याच्या अखेरीस प्रकल्प साहाय्यकांच्या जाहिराती निघतात आणि हंगाम संपला की नेमणूकही संपते.

माळावरचे काम पाहताना सोपे वाटते. पन्नास मीटरची टेप दोन खुंट्यांमध्ये ताणून बांधतात आणि दर अर्ध्या मीटरवर एक बारीक पोलादी सळई सरळ खाली सोडतात. सळईचे टोक प्रथम ज्याला लागेल त्याचे नाव एकाने उच्चारायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. मारवेल, माती, मारवेल, दगड, कुसळी, वाळका पाचोळा, माती, अशी ही मालिका शंभर वेळा चालते (मारवेल आणि कुसळी ही माळावरची गवते). एका रेषेवर शंभरच टोचण्या असल्यामुळे प्रत्येक टोचणी म्हणजे एक टक्का, आणि रेषा संपते तेव्हा त्या पट्टीवर मारवेल किती टक्के आणि उघडी माती किती टक्के, हे कोणतीही आकडेमोड न करता समोर असते. याशिवाय एक मीटर लांबी-रुंदीची चौकट टाकून आतील प्रत्येक जातीची नोंद केली जाते. काही चौकटींतले गवत कापून, कागदी पिशव्यांत भरून, भट्टीत वाळवून त्याचे वजन घेतले जाते, म्हणजे त्या जमिनीवर चारा किती उभा आहे हे कळते.

खरी कसोटी लागते ती ओळखीत. मारवेल ओळखायचा तर त्याच्या पेराजवळ भिंग न्यावे लागते, कारण पेराभोवती पांढऱ्या केसांचे बारीक कडे असते आणि तेच त्याची खूण ठरते. कुसळीची लांब कुसळे वाळल्यावर एकमेकांत गुंफून पिळाची दोरी होते. ओलावा लागला की हा पीळ सुटतो, कोरडे पडले की पुन्हा भरतो, आणि अशा फिरण्यानेच तिचे टोकदार बी जमिनीत शिरते; पँटच्या कापडातही ते तितक्याच सहज शिरते, म्हणून सर्वेक्षकाची संध्याकाळ बहुधा मोजे निवडण्यात जाते. ॲरिस्टिडा या गटातील गवताचे कुसळ तीन फाट्यांचे असते. पाते चुरगाळल्यावर सुवास आला तर ते तिखाडी या सुवासिक गवताच्या गोतातले असण्याची शक्यता असते. शंका राहिलीच तर नमुना वर्तमानपत्रात दाबून पुण्याला आणतात आणि आघारकर संशोधन संस्थेच्या किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राच्या वनस्पतिसंग्रहातील जुन्या नमुन्यांशी ताडून पाहतात.

ही नावे नुसती यादी भरण्यासाठी नसतात. दख्खनचा माळ भारतातील गवताळ प्रदेशांच्या ज्या प्रकारात मोडतो त्याला सेहिमा-डायकँथियम असे म्हणतात. पवन्या (सेहिमा) आणि मारवेल (डायकँथियम) ही त्यातील प्रमुख बहुवर्षायू गवते. चराई आणि वणवे यांचा ताण वाढला की ही गवते मागे हटतात व कुसळी पुढे येते. ताण आणखी वाढला, माती धुपली, की तीन फाट्यांची ॲरिस्टिडा पसरते. त्यामुळे रेषेवरच्या शंभर टोचण्यांत कोणाचा वाटा किती, यावरून तो तुकडा ऱ्हासाच्या कोणत्या पायरीवर आहे हे बऱ्याच अंशी सांगता येते. वन्यप्राण्यांच्या दृष्टीने उंचीलाही तितकेच महत्त्व आहे. धाविकाला उघडी, आखूड गवताची जमीन लागते. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या पक्षी रात्रीच्या मुक्कामासाठी उंच गवतात उतरतात. चिंकाऱ्याचे पाडस पहिल्या दिवसांत गवताच्या आडोशाला निपचित पडून राहते. माळ सगळीकडे सारखाच दाट आणि उंच करून चालत नाही, हे ज्यांना पटत नाही त्यांच्यापुढे उंचीच्या नोंदींचा तक्ता ठेवावा लागतो.

[दृश्य : मयूरेश्वर अभयारण्य. दूरवर चिंकाऱ्यांचा कळप.]

सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या जागेत चिंकाऱ्याचे भागत नाही. तो आजूबाजूच्या गायरानांत, वनजमिनींत आणि शेतांतही फिरतो. पुनर्स्थापनेचे काम अभयारण्याच्या हद्दीबाहेर न्यावे लागते ते यामुळेच, आणि तेथे परक्या तणांचा प्रश्न अधिक बिकट असतो. गाजरगवत भारतात प्रथम लक्षात आले ते १९५० च्या दशकात पुण्यातच. घाणेरी आणि वेडी बाभूळ तर सर्वांच्या परिचयाची आहेत. अलीकडे पिवळा-नारिंगी कॉसमॉसही टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेने पसरतो आहे, आणि त्याच्या ताटव्यात उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांना तो उपद्रवी आहे हे सांगणे अवघड जाते.

सर्वेक्षकांना सर्वांत मोलाची मदत होते ती मेंढपाळांची. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारी बिऱ्हाडे, कोकणाच्या वाटेला लागतात. त्याआधी, म्हणजे नेमक्या सर्वेक्षणाच्या दिवसांत, त्यातले पुष्कळसे याच माळांवर असतात. कोणते गवत मेंढी कोवळेपणीच खाते, कोणते फुलोऱ्यावर आल्यावर सोडून देते, कोणत्या ओघळीत पूर्वी पवन्या होता आणि चर खणल्यावर तो कसा गेला, हे त्यांना तोंडपाठ असते. यातला बराचसा तपशील अहवालात येत नाही, कारण नमुना तक्त्यात त्यासाठी रकानाच नसतो. ही उणीव मेंढपाळांची नव्हे, तक्ता आखणाऱ्यांची आहे.

सर्वेक्षणातून निघणारे काम पुढे आणखी अवघड असते. गिरिपुष्प काढायचे, चराई काही काळ थांबवायची, स्थानिक गवतांचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा करून पुढच्या पावसाआधी पेरायचे किंवा ठोंबे लावायची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण काढले आहेत, परंतु ते चाऱ्याच्या उत्पन्नासाठी निवडलेले आहेत. उथळ मुरमावर, पाण्यावाचून, वन्यप्राण्यांसाठी माळ उभा करताना त्याच माळावरचे बी वापरणे अधिक शहाणपणाचे ठरते, आणि ते बी कोठे मिळेल हे सांगणारी माणसेही पुन्हा तीच, म्हणजे हंगामी सर्वेक्षक.

पुनर्स्थापना यशस्वी झाली की नाही हे ठरवण्यासाठी त्याच रेषा पुढची अनेक वर्षे वाचाव्या लागतात. खुंट्या जागेवर राहतात, जीपीएसवरचे बिंदू राहतात. रेषा वाचणारी व्यक्ती मात्र दरवर्षी बदलते. चौकटीतील आच्छादन डोळ्यांनी जोखताना एकाला जे तीस टक्के वाटते ते दुसऱ्याला चाळीस टक्के वाटू शकते, आणि फुलोरा नसलेल्या रोपाला एकजण मारवेल म्हणतो तर दुसरा प्रश्नचिन्ह टाकतो. मग दोन वर्षांच्या आकड्यांतला फरक माळातला की माणसातला, हे अहवाल वाचणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही. आमच्या मते या कामातला सर्वांत दुबळा दुवा हाच आहे. मुदत संपलेले सर्वेक्षक कोणी तासिका तत्त्वावर शिकवू लागतात, कोणी सल्लागार कंपन्यांकडे जातात, कोणी वनसेवेच्या परीक्षेची तयारी करतात, आणि त्यांच्या डोळ्यांना बसलेली सवय त्यांच्याबरोबर निघून जाते.

यावरचा उपाय खर्चीक नाही. जुना आणि नवा सर्वेक्षक यांनी सप्टेंबरमध्ये आठवडाभर एकाच रेषेवर, एकमेकांची वही न पाहता नोंदी कराव्यात, त्या ताडून पाहाव्यात आणि दोघांच्या आकड्यांत किती फरक पडला ते अहवालात छापावे. मात्र त्यासाठी जुन्या माणसाच्या त्या आठवड्याच्या मानधनाची आणि प्रवासखर्चाची तरतूद आदल्या मार्चच्या अंदाजपत्रकातच करावी लागते. जूनमध्ये आठवण होते तोपर्यंत तो दुसरीकडे कोठेतरी रुजू झालेला असतो.