आरव्ही प्लगला लावलीय, तरी बॅटरी चार्ज होत नाही? कन्व्हर्टर बदलण्याआधी हे मोजा

नमस्कार मंडळी! मे अखेरची मेमोरियल डेची सुट्टी जवळ आली की अमेरिकेतल्या आपल्या मराठी आरव्हीवाल्यांचा, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी बाळगणाऱ्यांचा, एकच प्रश्न सुरू होतो. "दादा, मोटरहोम आठवडाभर प्लगला होती, प्लग काढला आणि सगळं अंधारात. कन्व्हर्टर गेला का?" गेल्या व्हिडिओखाली तर काही जणांनी नवीन कन्व्हर्टरची लिंकच मागितलीय. कन्व्हर्टर म्हणजे प्लगच्या विजेवर गाडीतले दिवे चालवणारा आणि बॅटरी चार्ज करणारा डबा. लिंक देणार नाही. आधी मोजा.

सोप्या गोष्टी पटकन उरकू. कॅम्पग्राउंडच्या खांबावरचा ब्रेकर चालू आहे? घरून लावली असेल तर जीएफसीआय, म्हणजे शॉकपासून वाचवणारं सुरक्षा सॉकेट, उडालंय का? गाडीतल्या पॅनलमधला कन्व्हर्टरचा ब्रेकर? इन्व्हर्टर बंद करून मायक्रोवेव्हचं घड्याळ बघा. ते दिसत असेल तर १२० व्होल्ट आत पोचलेत. झालं, पुढे.

आता हे नीट ऐका, कारण कमेंटमधले निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात. प्लग लावल्यावर दिवे लागले, पंखा फिरला, म्हणजे बॅटरी चार्ज होतेय असं नाही. कन्व्हर्टर १२० व्होल्ट एसीचे साधारण १३.६ व्होल्ट डीसी करतो आणि तुमचे दिवे थेट त्याच्यावर चालतात. आपल्याकडे स्वयंपाकघरात पालिकेचा डायरेक्ट नळ असतो ना, तसं. नळाला धो धो पाणी असलं तरी गच्चीवरची टाकी कोरडी असू शकते. टाकी भरतेय का, ते टाकीपाशीच जाऊन बघावं लागतं.

म्हणून मल्टीमीटर घ्या, डीसी व्होल्टवर लावा. अंगठी, कडं, गळ्यातलं लोंबणारं धातूचं काहीही काढून ठेवा. हे मी प्रत्येक वेळी सांगणार, कारण पाना किंवा बांगडी दोन टर्मिनलांना एकदम टेकली तर भयंकर भाजतं.

पहिलं मोजमाप बॅटरीच्या टर्मिनलवर, प्लग लावायच्या आधी. लेड-ॲसिड बॅटरी काही तास निवांत असेल तर १२.६-१२.७ म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे अर्धी. समजा १२.३ आलं. आता प्लग लावा आणि त्याच जागी पुन्हा मोजा. आकडा १३.२ ते १४.४ च्या मध्ये चढला तर चार्ज पोचतोय. बॅटरी फारच उतरलेली असेल तर तो हळूहळू चढेल, अर्धा तास द्या. पण १२.३ चे १२.३ च राहिले, तर बॅटरीपर्यंत काहीच पोचत नाहीये.

"पण दादा, पॅनलवरचे बॅटरी किती भरली ते सांगणारे चारही दिवे फुल दाखवतात." त्या दिव्यांवर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत ते फ्यूज पॅनलच्या बाजूचे व्होल्ट दाखवतात. कन्व्हर्टरपासून बॅटरीपर्यंतची मधली वाट तुटली असेल तर ते कन्व्हर्टरचेच १३.६ बघून "फुल" म्हणतात.

दुसरं मोजमाप कन्व्हर्टरच्या डीसी आउटपुटवर. इथे १३.६ आणि बॅटरीवर १२.३? मग कन्व्हर्टर ठणठणीत आहे! दोष मधल्या वाटेत आहे. इथेही काही येत नसेल, आणि आत १२० पोचत असतील, तेव्हाच कन्व्हर्टरवर संशय घ्या. १२० व्होल्टच्या तारांची सवय नसेल तर तिथे हात घालू नका, जाणकाराला बोलवा.

तिसरं मोजमाप लोक करतच नाहीत, आणि चोर तिथेच सापडतो. प्लग लावलेला असू द्या आणि मीटरच्या दोन्ही काड्या एकाच फ्यूजच्या दोन टोकांना लावा. फ्यूज चांगला असेल तर जवळपास शून्य दिसेल. उडालेला असेल तर १३.६ वजा १२.३, म्हणजे तेच हरवलेले १.३ व्होल्ट तिथे दिसतील. मग असंच डिस्कनेक्ट स्विचवर, म्हणजे बॅटरी तोडायच्या बटणावर करा, बॅटरीजवळच्या छोट्या ब्रेकरवर करा. कुठेच सापडलं नाही तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून चॅसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) उघड्या धातूपर्यंत बघा. तिथला बोल्ट गंजलेला असतो.

वसंतात सगळ्यात जास्त उडालेले सापडतात ते कन्व्हर्टरजवळचे रिव्हर्स पोलॅरिटी फ्यूज, म्हणजे तारा उलट्या जोडल्या तर उडणारे, बहुतेक ३० किंवा ४० अँपचे. हिवाळ्यात बॅटरी काढलेली असते, एप्रिलमध्ये परत बसवताना तारा क्षणभर उलट्या टेकतात आणि फ्यूज उडतात. प्लग असताना सगळं चालतं, प्लग काढला की अंधार. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला वर्कशॉपने नवीन कन्व्हर्टर बसवून दिला, तरी तेच. शेवटी डिस्कनेक्ट स्विचच आतून जळालेला निघाला. तिसरं मोजमाप दोन मिनिटांचं आहे, तेवढं आधी केलं असतं तर त्यांचे पैसे वाचले असते. मला याचा खरंच राग येतो.

आणखी एक, घरी आरव्हीसाठी ३० अँपचं सॉकेट बसवून घेणाऱ्यांसाठी. आरव्हीचं ३० अँपचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं. घरातल्या ड्रायरचं ३० अँपचं २४० चं. काही इलेक्ट्रिशियन "३० अँप" ऐकून २४० जोडून देतात, आणि मग कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, सगळंच जळतं. गाडी लावायच्या आधी सॉकेट मोजून घ्या. २४० दिसले तर प्लग लावूच नका.

लिथियमवाल्यांनो, तुमचं थोडं वेगळं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंश सेल्सियसच्या खाली चार्ज करायची नसते, त्यामुळे तिच्यातली बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, चार्जिंग बंद करते. मिनेसोटात मार्चमध्ये हे दिसलं तर आधी बॅटरी गरम होऊ द्या. टर्मिनलवर शून्य व्होल्ट दिसले तर बीएमएसने बॅटरी तोडलेली असू शकते, आणि काही कन्व्हर्टर अशा बॅटरीला चार्ज देतच नाहीत. लेड-ॲसिड मात्र रात्रभर चार्ज होऊन, प्लग काढल्यावर १०.५ च्या आसपासच बसत असेल तर तिचा एक सेल मेलाय. ती बदलाच.

एका ताईंनी विचारलंय, "आतले दिवे मस्त, पण इंजिनच सुरू होत नाही. प्लगला तर होती." ताई, मोटरहोमला दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात, आतल्या दिव्यांसाठी हाऊस आणि इंजिन सुरू करायला चॅसी. बऱ्याच गाड्यांत प्लगवरून फक्त हाऊस बॅटरी चार्ज होते. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर चॅसीला वेगळा छोटा मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर, लावा.

आता कमेंटमध्ये तीन आकडे लिहा: बॅटरीवर प्लगच्या आधी किती, नंतर किती, कन्व्हर्टरपाशी किती. सोबत बॅटरी कुठल्या प्रकारची तेही. नुसतं "चार्ज होत नाही" लिहिलंत तर मला काहीच सांगता येत नाही. आकडे दिलेत तर मी बसून एकेकाला उत्तर देईन.