केमिस्ट्रीचा पेपर सुटला, आता गेटबाहेर कुणाचं उत्तर खरं धरायचं?

नमस्कार पोरांनो! बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर सुटतो, गेटबाहेर पाय पडतो न पडतो तोच पहिला प्रश्न ठरलेला: "ए, त्या हाफ लाइफच्या गणिताचं काय आलं?" एक म्हणतो, 30 मिनिटं. दुसरी म्हणते, 29.99. तिसऱ्याचं काहीतरी भलतंच आलेलं असतं, तो गप्प. मग जो सगळ्यांत ठासून बोलतो, त्याचं उत्तर बरोबर ठरतं आणि बाकीचे तोंडं पाडून घरी जातात.

उत्तरं जुळवू नका, असं मी सांगणार नाही. सांगून कुणी ऐकलंय का? पण जुळवताना काय बघायचं, ते नीट बघा.

(फळ्याकडे वळून) हेच गणित घ्या. फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शन, 60 मिनिटांत 75 टक्के पूर्ण होते. हाफ लाइफ, म्हणजे पदार्थ निम्मा उरायला लागणारा वेळ, काढा. ज्याच्या लक्षात आलं की 75 टक्के म्हणजे दोन हाफ लाइफ (आधी निम्मा संपला, मग उरलेल्याचा निम्मा), त्याने 60 ला दोनने भागलं आणि 30 लिहून मोकळा झाला. दुसरीने रीतसर सूत्र मांडलं: 2.303 भागिले 60, गुणिले लॉग 4. लॉग टेबलमधून 0.6021 घेतले, के, म्हणजे रिअ‍ॅक्शनचा रेट कॉन्स्टंट, आला 0.02311 प्रति मिनिट. 0.693 ला या के ने भागलं की 29.99. कॅल्क्युलेटर नाही, 2.303 आणि 0.693 हे आकडेच मुळात अंदाजे घेतलेले, मग एवढा फरक पडणारच. दोघंही बरोबर. आणि ज्याने के 3.85 गुणिले दहाचा उणे चौथा घात लिहिला, त्याने सेकंदात काढलाय. "प्रति सेकंद" लिहिलं असेल तर तोही बरोबर. एकक लिहिलंच नसेल, तर मात्र काळजी करायला जागा आहे.

म्हणून मित्राला "किती आलं?" विचारण्याआधी "सूत्र कुठलं लावलंस?" हे विचारा. तीन गुणांच्या गणितात तपासणारा सूत्र बघतो, किमती घातलेली ओळ बघतो, मग उत्तर आणि एकक. शेवटच्या भागाकारात घसरलात म्हणून सगळं पाण्यात गेलं, असं होत नाही.

ऑरगॅनिकमध्ये भांडण वेगळं असतं. प्रोपीन आणि एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) यांच्या रिअ‍ॅक्शनमधून काय तयार होतं? अर्धा ग्रुप म्हणतो 2-ब्रोमोप्रोपेन, अर्धा म्हणतो 1-ब्रोमोप्रोपेन. बाबांनो, आधी प्रश्नपत्रिका उघडा! बाणावर पेरॉक्साइड लिहिलं होतं का? असेल तर 1, नसेल तर 2. आणि एचबीआरच्या जागी एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) असेल, तर पेरॉक्साइड असूनही 2-क्लोरोप्रोपेनच, कारण पेरॉक्साइडमुळे उत्तर बदलण्याचा हा पेरॉक्साइड इफेक्ट एचसीएलला लागू होत नाही. आठवणीतून वाद घालताना नेमका हाच एक शब्द गळतो.

एक गंमत तर दरवर्षी होते. कुणीतरी किंचाळतं, "अरे, तो प्रश्न मी सोडवलाच नाही!" सोडवायचा नव्हताच तुला! 70 गुणांच्या पेपरात दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ, चार गुणांचे पाचपैकी तीन. तुझे आठ वेगळे, तिचे आठ वेगळे.

आता जरा कडू. एमसीक्यूमध्ये आधी 'ब' लिहून खोडलं आणि मग 'क' लिहिलं, तर बाहेर येऊन "माझं क आलं, बरोबर आहे" म्हणून नाचू नका. प्रश्नपत्रिकेवर सूचना छापलेली असते की पहिलंच उत्तर ग्राह्य धरलं जाईल. ती सूचना वाचतं कोण!

सीईटीला तर गेटवरची ही सभा जवळपास निरर्थकच. सकाळच्या सत्राचे प्रश्न वेगळे, दुपारचे वेगळे, निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे आपल्याच सत्रातल्या किती टक्के मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे आहात यावर. सकाळवाल्याला सोपा गेला म्हणून दुपारवालीने रडायचं काही कारण नाही. 

आणि निकालात गुण खरंच खटकले तर? ग्रुपवर बोर्डाला शिव्या घालून काही होत नाही. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. पुनर्मूल्यांकनाला अर्ज करायचा तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. ती हातात आली की कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करायचा असतो, म्हणून ती मिळाल्याच्या दिवशीच शिक्षकांना दाखवा. बेरीज चुकली आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, हे ते पटकन सांगतील.

तर तुमच्या ग्रुपवर ज्या गणितावरून जुंपलीय, ते खाली लिहून टाका. पण प्रश्न छापलाय तसाच, शब्दन् शब्द. "साधारण असा होता" चालणार नाही. ज्यावर सगळ्यांत जास्त हमरीतुमरी होईल, तो पुढच्या व्हिडिओत फळ्यावर.