हजेरीपट भरला, पुढे काय?

नमस्कार, श्रोतेहो.

सेवासंस्थेचा वार्षिक अहवाल कसा असतो, ते तुम्ही ऐकलं असेल. इतके वर्ग झाले, इतके स्वयंसेवक आले, इतकी पुस्तकं वाटली. ऐकायला बरं वाटतं. पण मागच्या रांगेतून कुणी "मग फरक काय पडला?" असं विचारलं, की सगळे एकमेकांकडे बघू लागतात. या प्रश्नाची तयारी काम सुरू होण्याआधीच करावी लागते. त्यासाठी लॉजिक मॉडेल नावाची एक पद्धत आहे.

कागदावर डावीकडून उजवीकडे चार चौकटींत चार गोष्टी मांडायच्या: हाताशी काय आहे, त्यातून आपण काय करणार, त्यातून मोजण्याजोगं काय निघणार आणि लोकांच्या आयुष्यात काय बदलणार. मध्ये बाण काढायचे. प्रत्येक बाण म्हणतो, 'हे झालं, तर ते होईल.'

हा विचार जुना आहे. अमेरिकेच्या यूएसएड या परदेशी मदत देणाऱ्या संस्थेसाठी १९६९ साली असाच एक तक्ता तयार झाला. प्रकल्पांची उद्दिष्टं मोघम असायची आणि यश कशाला म्हणायचं हेच आधी ठरलेलं नसल्यामुळे मूल्यमापनाच्या वेळी वाद व्हायचे. पुढे केलॉग फाउंडेशन या अमेरिकेतल्या देणगीदार संस्थेच्या मार्गदर्शिकेमुळे लॉजिक मॉडेल लहान संस्थांपर्यंतही पोचलं.

मला यात सगळ्यात मोलाचे वाटतात ते बाण. चौकटी कुणीही भरतं. बाण खरा आहे का, हे मात्र फारसं कुणी तपासत नाही.

मुलांचा एक वाचनवर्ग घेऊ. एक तास, बारा मुलं, एक स्वयंसेविका. हजेरीपट पूर्ण भरलेला. बाण सांगतो, 'मुलं वर्गाला आली, तर वाचायला शिकतील.' आता हिशेब करा. प्रत्येक मुलाने पाळीपाळीने मोठ्याने वाचायचं ठरवलं, तर एकाच्या वाट्याला येतात जेमतेम पाच मिनिटं. उरलेली पंचावन्न मिनिटं ते दुसऱ्याचं ऐकत बसतं. म्हणजे आपण मुलं वाचतील असं धरून चाललो आणि वर्ग चालला ऐकण्याचा! यात त्या ताईंची काहीच चूक नाही, त्या तर जीव ओतून शिकवतात. कच्चा होता तो बाण. जोड्या लावून मुलांना एकमेकांना वाचून दाखवायला सांगितलं, तर त्याच तासात प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास अर्धा तास येतो.

म्हणून मी सांगेन, मांडणी उजवीकडून सुरू करा. आधी बदल लिहा, तोही नेमका. 'वाचनाची गोडी' मोजायची कशी? त्यापेक्षा 'नवा उतारा मूल न अडखळता वाचेल' असं लिहा. मग मोजणीही सोपी होते. पहिल्या दिवशी मिनिटभर वाचून घ्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा, तीन महिन्यांनी तितक्याच कठीण उताऱ्यावर पुन्हा मोजा. अर्थात मूल शाळेतही शिकत असतं, त्यामुळे सगळं श्रेय आपल्याकडे घेऊ नका. प्रतीक्षायादीतल्या मुलांचंही त्याच दोन वेळी वाचन घेतलं, तर आपला वाटा किती याचा अंदाज येतो.

आणि हा कागद देणगीदाराच्या फाइलमध्ये ठेवून देऊ नका. वर्गाच्या भिंतीवर लावा, खाली तारीख घाला, जवळ पेन्सिल ठेवा. एखादा बाण खोटा ठरला, की ज्या ताई रोज मुलांसमोर बसतात, त्यांनाच तो खोडू द्या.