परदेशात एम.एस. करताना धंद्याची खुमखुमी येते कुठून आणि जिरते कुठे?

(टेबलावर बेदाण्याच्या दोन वाट्या. एकीत हिरवट, दुसरीत काळपट तपकिरी. कॅमेरा आधी वाट्यांवर, मग चेहऱ्यावर.)

नमस्कार मंडळी. यातली कुठली वाटी सौद्यात चढ्या दरानं जाईल, हे सांगलीत कुणाला सांगायला नको. हिरवी. काळपट माल दिसला की आपल्याकडे एकच अर्थ लावतात: वाळवताना फसला, नाहीतर पावसात सापडला.

आता जर्मनीतल्या एखाद्या सुपरमार्केटात चला. तिथं गडद बेदाणा सेंद्रिय मालाच्या रॅकवर असतो. पाकिटावर ‘गंधक न लावलेला’ असं छापलेलं, आणि दर साध्या बेदाण्यापेक्षा जास्त.

त्या रॅकसमोरून दिवसभर माणसं जातात. तासगावकडचं एखादं पोरगं मात्र पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचत बसतं. कारण घरची शेड त्याच्या डोळ्यांसमोर असते. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवायचे, जाळीवर पसरायचे, दोनेक आठवडे सावलीत वाळवायचे, रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी द्यायची. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा. आणि तिकडे नियम असा की किलोमागे १० मिलिग्रॅमच्या वर सल्फाइट, म्हणजे गंधकाच्या धुरीचा अंश, असेल तर ते पाकिटावर छापावंच लागतं. दोन बाजारांची माहिती एकाच डोक्यात आली, की ते डोकं हिशोब करायला लागतं.

परदेशी शिक्षणानं धंद्याची ओढ वाढते म्हणतात, तिचा खरा उगम इथं आहे. व्हँडोर आणि फ्रँके या दोघा संशोधकांनी २०१६ साली हेच तपासून मांडलं. एका सत्रासाठी परदेशी गेलेले विद्यार्थी आणि घरीच राहिलेले विद्यार्थी, दोघांची चाचणी आधी आणि नंतर घेतली. जाऊन आलेल्यांची संधी हेरण्याची नजर सुधारलेली दिसली. पण नजर सुधारणं वेगळं आणि शटर उघडणं वेगळं. मधला रस्ता बराच लांब आहे, आजचा व्हिडिओ त्या रस्त्याबद्दल.

(स्क्रीनवर: ओढ, चारचौघं, जमेल का)

माणूस एखादी गोष्ट करायचं मनात कधी घेतो, यावर आइझेक आयझेन या मानसशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये मांडलेली चौकट या विषयात सगळ्यात जास्त वापरतात. तीन धागे आहेत. ती गोष्ट आपल्याला आवडते का. आपल्या जवळच्या माणसांना ती पटेल का. आणि ती आपल्याच्यानं होईल असं वाटतं का.

पहिल्याबद्दल फार बोलत नाही. शेजारच्या बाकावरचा कुणी कंपनी काढतोय हे बघितलं की आवड आपोआप लागते.

खरी मजा दुसऱ्या धाग्यात आहे. खानापूर, आटपाडी भागातली गलाईवाली मंडळी घ्या. सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी विट्याकडची पोरं देशभरातल्या बाजारपेठांत पोहोचली. आधी पाहुण्याच्या दुकानात काम, मग स्वतःचं दुकान. त्या गावांत ‘दुकान कधी टाकतोस?’ हा प्रश्न आहे. सांगलीतल्या विश्रामबागेतल्या इंजिनिअर पोराला मात्र ‘प्लेसमेंट कुठं झाली?’ असं विचारतात. पोरं सारखीच हुशार, विचारणारी माणसं वेगळी. परदेशात गेलं की हे विचारणारे काही हजार किलोमीटर मागं राहतात, सोयरिकीचा विषय रोज निघत नाही, आणि नवी चारचौघं भेटतात. दुसरा धागा तिथं सैल होतो. परत आल्यावर तो किती झटकन आवळतो, हेही ध्यानात ठेवा.

तिसरा धागा, ‘जमेल का’. अनोळखी शहरात भाड्याची खोली, बँक खातं, नळ गळला तर कुणाला फोन करायचा, हे सगळं एकट्यानं निभावलेल्या माणसाला जीएसटीचा फॉर्म बघून घाम फुटत नाही. हे दिसायला किरकोळ, पण अभ्यासक्रमातल्या उद्योजकतेच्या तासांपेक्षा याचं वजन जास्त आहे, असं आमचं मत.

एक सावधगिरीही सांगतो. घर तारण ठेवून, आठ-दहा हजार किलोमीटरवर जायला तयार झालेलं पोरगं मुळातच जोखीम पत्करणारं असतं. त्यामुळे परदेशी शिकलेले धंद्याकडे वळताना दिसले, तर सगळं श्रेय विद्यापीठाला देऊ नका. काही भाग विमानात बसण्याआधीच तयार होता.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाले. ‘बघा, परदेशी शिकले म्हणून एवढं केलं’ असं सगळे सांगतात. पण किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासून उभा होता. भट्टी, कारागीर, गिऱ्हाईक, नाव, सगळं तयार होतं. आणि पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली १९४६ मध्ये, पदवीनंतर २० वर्षांनी. शिक्षणानं उंची दिली, पण पायथा इथला होता.

(कॅमेरा जवळ.)

आता खुमखुमी जिरते कुठे ते बघू. पहिली जागा, व्हिसा.

अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असताना एखाद्या कंपनीचे शेअर घेऊन ठेवणं वेगळं आणि परवानगी नसताना तिथं काम करणं वेगळं. दुसरं केलंत तर व्हिसाच धोक्यात. पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीत, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायच्या परवानगीत, आपल्या विषयाशी संबंधित स्वतःचा व्यवसाय चालतो, पण कामाविना एकूण ९० दिवसांच्या वर जाता येत नाही. त्यापुढची स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांची २४ महिन्यांची वाढ हवी असेल तर खराखुरा मालक लागतो. आपणच मालक आणि आपणच नोकर, हे तिथं चालत नाही. बरीच मुलं इथंच अडकतात. पहिलं वर्ष नोकरीत घालवतात, धंदा ‘पुढच्या वर्षी’ म्हणतात, आणि पुढच्या वर्षी नियमच आडवा येतो.

ब्रिटनमध्ये शिकत असताना फ्रीलान्स कामसुद्धा स्वतःचा व्यवसाय धरतात, म्हणून मनाई. नंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर मात्र चालतं. जर्मनीत शिकताना स्वतंत्र व्यवसायाला परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी लागते. पदवीनंतर काम शोधायला १८ महिने मिळतात, त्यात व्यवसायही करता येतो. नियम बदलत राहतात, तेव्हा विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाला ईमेलनं विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. सिनिअरनं व्हॉट्सअॅपवर सांगितलेलं तिथल्या अधिकाऱ्यापुढे उपयोगी पडत नाही.

दुसरी जागा, हप्ता. पाटी-पेन्सिल घ्या.

(स्क्रीनवर आकडे एकेक करून.)

३० लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के. १५ लाख सुरुवातीला, १५ लाख वर्षानं. कोर्स २ वर्षांचा, वर ६ महिने हप्ता न भरण्याची सवलत. त्या अडीच वर्षांत पहिल्या निम्म्यावर ३ लाख ७५ हजार आणि दुसऱ्यावर २ लाख २५ हजार सरळव्याज चढतं. मिळून ६ लाख. म्हणजे फेडायला ३६ लाखांपासून सुरुवात. १० वर्षांच्या मुदतीला हप्ता बसतो सुमारे ४७,५०० रुपये. तेच व्याज जिथल्या तिथं भरत गेलात, पहिल्या वर्षी महिन्याला १२,५०० आणि पुढं २५,०००, तर हप्ता ३९,६०० च्या आसपास राहतो.

आता धंदा सुरू केला आणि दीड वर्ष पगार घेता आला नाही असं धरा. साडेसत्तेचाळीस हजार गुणिले १८. साडेआठ लाख नुसत्या हप्त्याला. मशीन नाही, माल नाही, भाडं नाही.

याच्या पोटात आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. शेतजमीन सहसा नको म्हणते, कारण जप्तीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. मग राहतं घर किंवा बिगरशेती प्लॉट अडकतो. चार वर्षांनी धंद्यासाठी कर्ज मागायला जाता, तेव्हा दाखवायला कागदच उरत नाही. लघुउद्योगांसाठी सीजीटीएमएसई या सरकारी ट्रस्टची कर्जहमी आहे, तारणाशिवाय कर्ज त्यातून होऊ शकतं, पण धंदा बँकेला पटवावा लागतो आणि आधीचा हप्ता त्यांना सिबिलवर दिसतोच. म्हणून जमत असेल तर घर आणि प्लॉट दोन्ही एकाच कर्जात गुंतवू नका.

तिसरी जागा, मालकी. प्रयोगशाळेत पगारी संशोधन सहायक म्हणून काढलेल्या शोधावर बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचा हक्क असतो. वर्गातल्या प्रोजेक्टवर बऱ्याचदा तुमचा. फरक करारात लिहिलेला असतो. आपली कल्पना प्राध्यापकांच्या मशीनवर तपासण्याआधी तो वाचा. नंतर वाचून वकिलाचं बिल वाढतं, दुसरं काही होत नाही.

आता समजा, तिथून बसून इथं कंपनी काढायची आहे. प्रायव्हेट लिमिटेडला किमान एक संचालक असा लागतो, जो त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिला आहे. म्हणजे आई, बहीण, कुणीतरी. त्यांना नुसत्या सह्या करायला लावू नका, संचालकाची जबाबदारी कायद्यानं त्यांच्यावरही येते, हे आधी नीट समजावून सांगा. शिकायला गेलेला विद्यार्थी परकीय चलनाच्या नियमांत अनिवासी धरला जातो, त्यामुळे इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या खात्यामध्ये बदलून घ्यायचं असतं. हे राहून गेलं तर पहिली गुंतवणूक टाकताना बँक अडवते. तिकडून पाठवायची कागदपत्रं नोटरी किंवा अपोस्टील (परदेशी कागद इथं चालावा म्हणून तिथला सरकारी शिक्का) करावी लागतात. त्यासाठी वेळ धरा.

तिकडून आणण्यासारखी एक गोष्ट मात्र फुकट आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं २०११ मध्ये आय-कोर नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात संशोधकांच्या गटाला वस्तू विकायच्या आधी १०० संभाव्य गिऱ्हाइकांशी बोलायला लावतात. बेदाण्याचंच घ्या. पहिल्या वर्षी तिथल्या बेकरीवाल्यांना, दुकानदारांना, आयात करणाऱ्यांना भेटा. सुट्टीत आलात की इथले शेडवाले, कोल्ड स्टोरेजवाले, अडते. वहीत तारीख टाका.

प्रश्न विचारताना ‘असा माल आणला तर घ्याल का?’ असं विचारू नका. ‘मागची खेप कुणाकडून घेतली, काय दरानं, किती माल परत पाठवला आणि का?’ हे विचारा. जर्मन माणूस पहिल्या प्रश्नाला कदाचित तोंडावर नाही म्हणेल. आपल्या यार्डात मात्र चहा पाजून ‘घेऊ की!’ म्हणतील. ते ‘घेऊ की’ वहीत ऑर्डर म्हणून लिहू नका.